उतरंड

नोव्हेंबर. दुपारचे पावणेचार,
आणि डंडीत दिवेलागण झालेली. टे नदी दिसेनाशी होतेय.
युअन म्हणतो, एक छोटं काम आहे, जाता जाता करून टाक.
युअनची छोटी कामं नेहमी
उतरंडीच्या तळातल्या गाडग्यात असतात.

भाडेकरू. तिच्या आत पत्ता,
पत्त्यात इमारत, इमारतीत जिना,
तिसरा मजला, डावीकडचं दार,
दाराआड न्हाणीघरात लोंबणारी लाल दोरी,
दोरीला बांधलेली यादी: ओढली तर कुणाला कळवायचं.
यादीत पहिलंच नाव वॉल्टर डथी.
ते काढायचं.

आमच्या भाषेत काढता काहीच येत नाही.
खोडरबर नाही, पांढरी शाई नाही,
एकदा मांडलं की काळ्या दगडावरची रेघ.
बदल हवा तर एकेक गाडगं उतरवून शेजारी ठेवत
खाली जायचं,
कुठून आलो ते बोटांवर मोजत,
तळातलं नवं घडवायचं,
मग त्याच्यावरचं नवं, मग त्याच्याही वरचं,
थेट माथ्यावरच्या झाकणीपर्यंत.

नवी होते तेव्हा म्हणाले होते, केवढी ही उधळपट्टी!
एका नावासाठी अख्खी बाई पुन्हा?
युअननं बेकरीच्या बिलामागे झाड काढून दाखवलं.
फक्त वाटेवरच्या फांद्या नव्या.
बाकीचं, म्हणजे विजेचा मीटर, रक्त पातळ करायच्या गोळ्या,
मांजराचं नाव (टॉफी),
हे सगळं जुन्या झाडाचंच.
दोन्ही झाडं ते मिळून वापरतात,
दोन बिऱ्हाडांत एक भिंत असते तसं.

इझोबेल डथीबाई फोनवर जे बोलल्या
ते कुणीतरी जसंच्या तसं टिपलंय:
गेल्या मंगळवारी पाय घसरला. दोरी ओढली.
यंत्रानं नियमाप्रमाणे पहिला नंबर लावला
आणि पलीकडच्या खोलीत, ड्रॉवरमध्ये,
वॉल्टरचा फोन वाजू लागला.
वॉल्टर ऑगस्टमध्ये गेला.
मी फरशीवर पडून ऐकत होते. बराच वेळ वाजला.
मग खालच्या मजल्यावरची मुलगी आली.

पुढे प्रश्न आहे, फोन चार्ज कोण करतं?
पुढे उत्तर आहे, मी. दर रविवारी.
त्याच्या जागी कुणाचं नाव घालू, यापुढे मात्र
नुसती रेघ.

माझी पहिली वाट तिथेच कोसळली.
मी गृहीत धरलं होतं की इतक्या खाली उतरल्यावर
कुणीतरी असणारच.
लाल अक्षरांत ओरडून पडली बिचारी,
सगळ्या मजल्यांची नावं घेत.

मग तिला शिकवलं. दार उघड.
कुणी नसेल तर बोंब मारायची नाही,
खोटं नाव भरायचं नाही,
कुणी नाही एवढंच नीट हातात घ्यायचं
आणि आलीस त्याच पायऱ्यांनी वर यायचं,
वॉर्डनच्या टेबलापर्यंत.
ओळी सातच. तास दीड.

सव्वापाचला नवी झाकणी बसली.
इझोबेल डथी: तोच जिना, तेच दार, तीच टॉफी,
आणि मुळापासून वेगळी.

मी विचारलं, जुनी?
युअन कोटाची बाही शोधत होता.
रात्री झाडणारा झाडेल, म्हणाला, पण त्याचा नियम साधा आहे,
ज्याला कुणीच धरलेलं नाही तेवढंच तो उचलतो.
कुठूनही एक बोट लागलेलं असेल
तर हात लावत नाही.

बाहेर एडिनबराची गाडी पुलावर चढत होती,
डब्यामागे डबा, प्रत्येकात उजेड.
आज गुरुवार.
वॉर्डनचा नंबर मी दोनदा तपासला होता,
तरी बसथांब्यावर उभी राहून तिसऱ्यांदा आठवला.
शुक्रवार, शनिवार.
मग तिसऱ्या मजल्यावर, डावीकडच्या दाराआड,
ड्रॉवर उघडेल.